जर्मन युनिफॉर्मचा पट्टा ओळखायचा कसा? आधी तो उलटा करा

नोकरीसाठी लाइपझिगला आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात एका रविवारच्या बाजारात मी पहिल्या महायुद्धातलं एक प्रशियन बकल घेतलं. मुकुट होता, गोलात अक्षरं होती, काळपट गंज होता, आणि विकणारे काका इतके म्हातारे होते की मला वाटलं यांच्या आजोबांचंच असणार. घरी आलो, चहा ठेवला, बकल उलटं केलं आणि चहा उतू गेला. मागची बाजू सपाट, जाड, आणि आंबोळीला पडते तशी बारीक बारीक जाळी. म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतलेलं. काटेसुद्धा त्याच ओतकामातून निघालेले, वेगळे जोडलेले नाहीत. शंभर वर्षांचं वगैरे काही नव्हतं, फार तर शंभर दिवसांचं असेल.

तेव्हापासून एक सवय लागली, समोरून कितीही सुंदर दिसो, वस्तू हातात आली की आधी उलटी करायची. नव्याने या छंदात येणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे सगळं लिहितोय, कारण मराठीत यावर मला फारसं काही सापडलं नाही आणि व्हॉट्सॅपवर दर महिन्याला कोणीतरी फोटो पाठवून विचारतं "हे ओरिजिनल आहे का रे?" आणि फोटो कायम समोरूनच असतो!

आधी पट्टा चालतो कसा ते समजून घ्या

आपण कमरेला लावतो तो बेल्ट डोळ्यासमोरून काढून टाका. जर्मन शिपायाचा पट्टा, त्याला ते कोपेल म्हणतात, त्याची रचना वेगळी आहे. बकल म्हणजे एक चौकोनी डबी, कोपेलश्लॉस. डबीच्या मागे एका बाजूला आडवी दांडी आणि तिच्यावर दोन काटे, दुसऱ्या बाजूला एक खाच. पट्ट्याच्या एका टोकाला धातूचा आकडा असतो तो त्या खाचेत अडकतो. दुसऱ्या टोकाजवळ, पट्ट्याच्या आतल्या बाजूला, एक वेगळी चामड्याची पट्टी शिवलेली असते आणि तिला जोडी-जोडीने भोकं असतात, बकलचे दोन काटे त्या भोकांत जातात. कंबर कमी-जास्त झाली की आतल्या आत एक जोडी पुढे-मागे करायची. म्हणून शिपायाच्या पट्ट्याला बाहेरून एकही भोक दिसत नाही, दिसते फक्त ती आतली पट्टी धरून ठेवणारी शिलाई.

एवढं कळलं तरी निम्मी फसवणूक टळते. कोणी "वेहरमाख्टचा", म्हणजे नाझी काळातल्या जर्मन सैन्याचा, "शिपायाचा पट्टा" म्हणून दाखवतोय आणि बाहेरून आरपार भोकांची रांग दिसतेय, तर एक तर नंतर कोणीतरी स्वतःच्या कमरेसाठी भोकं पाडलीत किंवा तो पट्टा शिपायाचा नाहीच. ऑफिसरचा पट्टा वेगळा असायचा, डबीचं बकल नाही, उघडी चौकट आणि तिच्यात दोन लांब काटे, आणि तिथे मात्र भोकं बाहेरून सरळ दिसतात, जोडीनेच. रुंदीही वेगळी. शिपायाचा साधारण साडेचार सेंटिमीटर, ऑफिसरचा पाच ते साडेपाच. शिंप्याची मेजरिंग टेप खिशात ठेवा, तीस रुपयांची वस्तू, पण माझ्या मते या छंदातलं सगळ्यात उपयोगी हत्यार तेच.

दुसरं हत्यार लोहचुंबक. फ्रिजवर लावायचं असतं ते छोटंसं चालतं. ते कशाला ते पुढे सांगतो.

बकल वेगळं, पट्टा वेगळा

ही गोष्ट नवीन माणसाला कोणी सांगत नाही. शंभरातल्या बहुतेक वेळा बकल आणि पट्टा एकत्र जन्मलेले नसतात. बकल एका कारखान्यात बनायचं, पट्टा दुसरीकडे चामड्याच्या कारखान्यात, आणि युद्धानंतर सत्तर-ऐंशी वर्षांत कोणीतरी कुठलं तरी बकल कुठल्या तरी पट्ट्याला लावलं. ते फसवणूकच असतं असं नाही, पण भाव लावताना दोन वस्तू म्हणून लावा. तपासतानाही दोन वस्तू म्हणूनच तपासा. एकत्रच वापरात होते का हे बघायचं असेल तर बकल काढा आणि ते जिथे बसत होतं त्या चामड्याकडे बघा, वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेल्या बकलची डबी चामड्यावर आपला चौकोन सोडते, काटे जिथे घासत होते तिथे दोन चकचकीत खड्डे पडतात. हा चौकोन आणि समोरचं बकल मापात जुळतं का बघा. जुळलं तर छान वाटतं, खरंच.

समोरून काय वाचायचं

ठीक आहे, समोरची बाजूही बघू, कारण कुठल्या काळातलं हे तिच्यावरूनच कळतं. फक्त खरं की खोटं हे तिच्यावर ठरवू नका.

मुकुट असेल तर कैसरचा, जर्मन सम्राटाचा काळ, म्हणजे १९१८ च्या आधीचा. तेव्हा जर्मनी एक असली तरी राज्यं वेगवेगळी आणि त्यांची ब्रीदवाक्यंही वेगवेगळी. प्रशियाचं गोट मिट उन्स, म्हणजे देव आमच्यासोबत आहे. बव्हेरियाचं इन ट्रॉय फेस्ट, निष्ठेत पक्के. वुर्टेमबर्गचं फुर्श्टलोस उंड ट्रेव, निर्भय आणि एकनिष्ठ, आणि यातला ट्रेव जुन्या जर्मन स्पेलिंगचा आहे, शेवटी डब्ल्यू असलेला, त्यामुळे कोणी म्हणालं की स्पेलिंग चुकलंय म्हणून नकली आहे तर ऐकू नका. सॅक्सनीचं प्रोविडेन्शिए मेमोर, हे लॅटिन, म्हणजे ईश्वरी कृपेची आठवण ठेवणारा. मी सॅक्सनीत राहतो म्हणून माझं लक्ष याच्यावर, प्रशियाची बकलं ढिगाने मिळतात, सॅक्सनीचं चांगलं मिळवायला वेळ लागतो. हेसचं गोट एरे फाटरलांट, देव, मान, मातृभूमी.

प्रशियाचं १८९५ च्या पद्धतीचं बकल म्हणजे पितळेची चौकोनी डबी आणि मधोमध पांढऱ्या धातूचा गोल बिल्ला. तो पांढरा धातू निकेल सिल्व्हर, ज्याला आपण जर्मन सिल्व्हरच म्हणतो. नावात चांदी, आत चांदी शून्य. आणि हा बिल्ला वेगळा बनवून डबीवर बसवलेला असतो, तेव्हा नखाने कडेकडेने फिरवून बघा, जोड जाणवायला हवी. पुढे युद्ध सुरू झालं, पितळ आणि तांबं दारूगोळ्याला लागायला लागलं, मग १९१५ पासून बकलं स्टीलच्या पत्र्याची, एकाच तुकड्यातून ठोकलेली, वर करडा रंग. आता चुंबक काढा. १८९५ वाल्या पितळी बकलला चुंबक चिकटता कामा नये, १९१५ वाल्याला चिकटलंच पाहिजे. पितळी रंग आहे आणि चुंबक टपकन चिकटतंय, म्हणजे लोखंडावर पाणी चढवलेलं, ठेवा खाली.

१९१८ नंतर कैसर गेला, मुकुट गेला. रिपब्लिकच्या सैन्याने, राइशवेअरने, गरुड आणला पण गोट मिट उन्स तसंच ठेवलं. त्या बकलचं मैदान दाणेदार असतं, म्हणजे पार्श्वभूमीवर बारीक रवा टाकल्यासारखं. मग १९३६ पासून सैन्यासाठी गरुडाच्या पंजात हाकेनक्रॉइझ, म्हणजे नाझींचं स्वस्तिक, असलेलं बकल, वर तेच देव आमच्यासोबत. आधी अॅल्युमिनियम, नंतर स्टील. विमानदलाचं, लुफ्टवाफंचं, सगळ्यात वेगळं, त्यावर एकही अक्षर नाही, उडता गरुड आणि भोवती लंबगोल माळ. त्यातही सुरुवातीच्या गरुडाची शेपटी खाली झुकलेली आणि नंतरच्याची वेगळी, यावर लोक रात्ररात्र वाद घालतात, तुम्ही सुरुवातीला त्यात पडू नका. नौदलाचं सैन्यासारखंच, पण सोनेरी किंवा गडद निळं.

बाय द वे, आपल्याकडे अॅल्युमिनियमच्या भांड्यांना अजूनही जुनी माणसं जर्मनची भांडी म्हणतात. आईला मी पहिल्यांदा अॅल्युमिनियमचं हेअरचं, म्हणजे जर्मन भूदलाचं, बकल दाखवलं तेव्हा ती म्हणाली "हे तर जर्मनचं आहे", मी म्हटलं हो ना आई, तेच तर! नंतर कळलं तिला धातू म्हणायचा होता. मग चष्मा लावून तिने गरुडाच्या पायाशी बघितलं आणि विचारलं, स्वस्तिक तिरकं का काढलंय. मी गप्प बसलो, काय सांगणार. आपलं स्वस्तिक दारावर सरळ पायावर उभं असतं, चार टिंबं असतात, कुंकवाचं असतं. हे एका टोकावर उभं केलेलं. भुजा दोन्ही स्वस्तिकांच्या उजवीकडेच वळतात, त्यामुळे फक्त दिशेवरून फरक करणारे मेसेज फिरतात ते चुकीचे आहेत.

एसएसची, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेची, आणि हिटलर युवकांची, म्हणजे पक्षाच्या तरुणांच्या संघटनेची, बकलं वेगळी, त्यांची वाक्यंही वेगळी. नवीन माणसाला माझा स्पष्ट सल्ला, एसएसला हात लावू नका. किंमत सगळ्यात जास्त, म्हणून नकली सगळ्यात जास्त, आणि नकलीत सुद्धा इतक्या चांगल्या नकली आहेत की वीस-वीस वर्षं गोळा करणारे फसलेत. आणि बाकी सोडा, रोज कपाटात ती वस्तू आहे याच्याबरोबर आपल्याला राहायचं असतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन जर्मन्या झाल्या. पश्चिमेचं सैन्य, बुंडेसवेअर, १९५५ मध्ये उभं राहिलं, त्यांच्या बकलवर गरुड आणि भोवती आइनिगकाइट रेश्ट फ्राइहाइट, एकता न्याय स्वातंत्र्य, त्यांच्या राष्ट्रगीतातले शब्द. देव गेला, राष्ट्रगीत आलं. पूर्वेचं सैन्य, एनव्हीए, १९५६ चं, त्याच्या बकलवर हातोडा, भूमितीचा कंपास आणि धान्याच्या लोंब्यांची माळ, म्हणजे कामगार, बुद्धिजीवी आणि शेतकरी. दसऱ्याला आपण हत्यारं पुजतो तसं त्यांनी बकलवरच मांडून ठेवलंय. १९९० मध्ये देश एक झाला आणि एनव्हीए एका रात्रीत बंद, सगळा माल गोदामांतून बाहेर. म्हणून आजही इथे लाइपझिगमध्ये एनव्हीएचं खरं बकल एका साध्या जेवणाच्या पैशात मिळतं.

तर सुरुवात इथूनच करा. मी खरंच सांगतो. एनव्हीएची पाच-सहा बकलं घ्या, हातात खेळवा. ठोकलेला पत्रा हाताला कसा लागतो, काटे कसे जोडतात, खरा रंग कसा उडतो, हे बोटांना कळायला लागतं आणि पैसे फारसे जात नाहीत. इतकी स्वस्त वस्तू नकली बनवून कोणाला काय मिळणार.

आता उलटं करा

स्टीलचं बकल ठोकून बनवलेलं असतं, म्हणजे पत्र्यावर वरून साचा दाबलेला. त्यामुळे समोर जे उंच आहे ते मागून खोल दिसायला हवं. मोदकाचा साचा आतून बघता ना, तसा गरुड मागून उलटा, खोलगट दिसतो. जाड अॅल्युमिनियममध्ये हे कमी स्पष्ट असू शकतं. ओतलेल्या नकलेत मागची बाजू सपाट किंवा खडबडीत असते, बुडबुड्यांची भोकं असतात, आणि समोर पिसांच्या रेषा, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झालेल्या असतात. वापरून झिजलेली वस्तू आणि ओतलेली वस्तू यात फरक काय, तर वापराने उंच जागा झिजतात, खोल जागा धारदार राहतात. ओतलेल्यात सगळंच सारखं मऊ. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून बघा, वरून नाही, कडेने, पिसं लगेच बोलायला लागतात.

काट्यांची दांडी आणि खाच वेगळे तुकडे असतात, डबीला नंतर जोडलेले. तो जोड बघा. दांडी हलवून बघा, थोडी फिरायला हवी. मग शिक्का शोधा. बकल बनवणारे बरेच कारखाने लुडेनशाइडला, वेस्टफालियातलं एक छोटं डोंगराळ गाव, बटणं आणि धातूच्या बारीकसारीक वस्तूंसाठी प्रसिद्ध, आपल्याकडे समया-घंटा म्हटलं की जशी ठरावीक गावं आठवतात तसंच. अस्मान, ओव्हरहोफ, बेर्ग उंड नोल्टे, नोएले उंड हुएक, ही नावं किंवा त्यांची आद्याक्षरं सतत दिसतील. प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा, कोणाच्या गरुडाची चोच जास्त वाकडी, कोणाच्या अक्षराचा पाय जास्त जाड. म्हणून मुरलेले लोक काय करतात, शिक्का बघतात आणि मग त्या कारखान्याच्या माहितीतल्या खऱ्या बकलचा फोटो शेजारी ठेवून रेष न् रेष जुळवतात. शिक्का एका कारखान्याचा आणि गरुड दुसऱ्याचा असेल तर संपलं.

आरझेडएम असं लिहिलेला शिक्का दिसला की थांबा. ती नाझी पक्षाची खरेदी-तपासणी कचेरी होती, राइशत्सॉइगमाइस्टराइ, पक्षाच्या संघटनांच्या मालावर तिचा शिक्का, बकलसाठी एम चार आणि मग तिरकी रेघ आणि कारखान्याचा आकडा. हिटलर युवकांच्या बकलवर तो शोभतो. साध्या सैन्याच्या गोट मिट उन्सवर तो दिसला तर मला शंका येते.

आणि हो, एकदम चांगल्या नकला पण ठोकूनच बनवतात, त्यामुळे मागची बाजू खोलगट आहे म्हणून नाचू नका. खोलगट नसली तर वस्तू नापास, असली तर पुढचा पेपर.

चामडं खोटं बोलायला कच्चं

मला स्वतःला बकलपेक्षा पट्ट्यावर जास्त भरवसा वाटतो. धातू लोणच्याच्या पाण्यात टाकून, जमिनीत पुरून म्हातारा करता येतो, चामडं म्हातारं करणं अवघड.

रंग. कैसरच्या सैन्याचे पट्टे नैसर्गिक तपकिरी, मग युद्धात १९१५ च्या सुमारास काळे करायचा हुकूम निघाला. म्हणून त्या काळातल्या काही पट्ट्यांवर वरचा काळा थर झिजलेला आणि खालून तपकिरी डोकावताना दिसतो, आणि ही खूण चांगली आहे, वाईट नाही. दुसऱ्या महायुद्धात सैन्याचे शिपाई काळा पट्टा, लुफ्टवाफं सुरुवातीला तपकिरी आणि नंतर काळा.

आतली बाजू वाचा. शिक्के तिथेच असतात, आकड्याजवळ किंवा भोकांच्या पट्टीजवळ. कंबरेचं माप सेंटिमीटरमध्ये, ९५, १००, असं. कारखान्याचं नाव, गाव, साल. कैसरच्या काळात बी.ए. आणि पुढे रोमन आकडा दिसला तर तो सैन्याच्या त्या क्रमांकाच्या कोअरच्या, म्हणजे मोठ्या तुकडीच्या, कपडे-खात्याचा शिक्का. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत नावाऐवजी लांबलचक आकडा येतो, आर.बी.नंबर म्हणतात, शून्य, तिरकी रेघ, चार आकडे, तिरकी रेघ, चार आकडे. बॉम्ब टाकणाऱ्याला कारखाना सापडू नये म्हणून नावं लपवली असं सरसकट सांगितलं जातं, काहीही असो, तुम्हाला एवढंच लक्षात ठेवायचंय की १९४४ च्या पट्ट्यावर सुंदर मोठं कंपनीचं नाव आणि गाव सुबक छापलेलं दिसलं तर भुवया उंचवा.

शिक्का चामड्यात दाबलेला असतो, काळाबरोबर चामडं आकसतं, अक्षरांच्या कडा बसतात, आत मळ भरतो. नवीन ठोकलेल्या शिक्क्याच्या कडा तरतरीत उभ्या असतात आणि आतलं चामडं बाकीच्यापेक्षा फिकट. बोट फिरवून बघा.

बकलच्या दांडीला एक चामड्याची छोटी जीभ असायची, तिच्यावरही कारखाना आणि साल. युद्धाच्या मध्यानंतर ही जीभ बंद केली, चामडं वाचवायला. बरेच विक्रेते जीभ नसलेल्या खऱ्या बकलला नवीन जीभ शिवून भाव वाढवतात, तिचे टाके बघा, दोरा चकचकीत प्लास्टिकसारखा असेल तर ती गेल्या वर्षीची आहे. आकडाही बघा, आधी अॅल्युमिनियमचा, नंतर स्टीलचा. १९४० चा शिक्का आणि स्टीलचा आकडा असं मिश्रण मिळू शकतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, कारखान्यात शिल्लक माल वापरतातच.

वास घ्या. हसू नका. जुन्या चामड्याला कपाटाचा, तेलाचा, थोडा कुबट वास असतो. केमिकलचा किंवा शूपॉलिशचा ताजा वास आला तर कोणीतरी मेकअप केलाय.

आपल्या घरी निघाला तर

हे मुद्दाम लिहितोय. महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत पणजोबांची ट्रंक असते. मराठा लाइट इन्फंट्री दुसऱ्या महायुद्धात इटलीत जर्मनांशी लढली, नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधल्या लढाईसाठी आणि शिपाई नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधल्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा आघाड्यांवरून सैनिक आठवण म्हणून बकल आणायचे, ही जगभरचीच सवय, पहिल्या महायुद्धात तर ब्रिटिश सैनिक कमरेच्या पट्ट्यावर शत्रूचे आणि मित्रांचे बिल्ले टोचून हिंडायचे. तेव्हा तुमच्या ट्रंकेत गोट मिट उन्स निघालं तर आधी घासू नका! पितांबरी नको, ब्रासो नको, चिंच तर अजिबात नको. बकलबरोबर जुनी चिठ्ठी, पे-बुक, फोटो असेल तर तो एकत्र ठेवा, बकलपेक्षा त्या कागदांना अर्थ जास्त आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून कुठून आलं ते कागदावर लिहून ठेवा, नाव, गाव, कुठली पलटण.

याउलट कोणी "नेताजींच्या जर्मनीतल्या आझाद हिंद फौजेचं खास बकल" म्हणून वाघ कोरलेलं काही विकत असेल तर घेऊ नका. त्या फौजेच्या जवानांना जर्मन सैन्याचाच गणवेश होता, उडी घेणारा वाघ होता तो उजव्या बाहीवरच्या कापडी बिल्ल्यावर. बकल साधंच.

विकत घेताना

ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याकडे तीन फोटो मागा, मागची पूर्ण बाजू, शिक्क्याचा जवळून, आणि पट्ट्याची आतली बाजू. जो "समोरून स्पष्ट दिसतंय की" म्हणतो त्याला नमस्कार करून पुढे जा. "आजोबांच्या घरातून निघालं" ही गोष्ट ऐकून घ्या, मान डोलवा, पण गोष्टीचे पैसे देऊ नका, पैसे वस्तूचे.

जर्मनीत कायदा कडक आहे. दंडसंहितेच्या कलम ८६अ खाली नाझी चिन्हं जाहीर दाखवणं, पसरवणं हा गुन्हा, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. इतिहास, संशोधन, शिक्षण, कला यांना सूट आहे आणि घरात संग्रहात ठेवणं बेकायदा नाही, पण म्हणूनच इथल्या बाजारात आणि लिलावाच्या कॅटलॉगमध्ये गरुडाच्या पायाशी छोटं स्टिकर चिकटवलेलं दिसतं. तुम्ही इथे शिकायला-नोकरीला असाल तर असं बकल लावून फोटो काढून स्टेटसला टाकू नका, प्लीज. भारतात लोकांना त्यात काही विशेष वाटत नाही, काही पोरांना तर ते स्टायलिश वाटतं, त्या पोरांसाठी हा लेख नाही. आणि कैसरच्या काळातली वस्तू एकदा भारतात नेली की ती शंभर वर्षांहून जुनी म्हणून १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यात बसू शकते, परत बाहेर पाठवायची वेळ आली तर आधी चौकशी करा.

ठेवायचं कसं

मुंबईचा, कोकणाचा पावसाळा चामड्याचा शत्रू. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवलंत तर दोन आठवड्यांत पांढरी बुरशी. सुती कापडात, जुन्या धोतराचा तुकडा बेस्ट, सैल गुंडाळा, डब्यात सिलिका जेलची पुडी, आणि महिन्यातून एकदा सावलीत बाहेर काढा. घडी घालू नका, जुनं चामडं घडीवरच फुटतं, सैल वळकटी करा. तेल पाजायचा मोह होईल, नका पाजू, शिलाई कुजते आणि रंग बदलतो. हातावर लालसर भुकटी येत असेल तर चामडं आतून मेलंय, त्याला हात कमी लावा एवढंच करता येतं.

पितळ आणि चामडं जिथे चिकटतं तिथे हिरवट मेणासारखा थर येतो. दात कोरायच्या लाकडी काडीने हळूच काढा, लोखंडी पिन नको. माझ्या सॅक्सन पट्ट्याच्या रिव्हेटवरचं हे हिरवं काढायला मला दोन रविवार लागले, दुसऱ्या रविवारी काडीच्या टोकाखाली बी.ए. आणि एक रोमन आकडा निघाला, जो विकणाऱ्यालाही माहीत नव्हता.